वजाबाकीची गाडी

आपल्याकडे गाडी घेतली की बेरीज सुरू होते. गाडी शोरूममधून निघते तीच हार, पेढे आणि चाकाखाली चिरडलेली लिंबं घेऊन. दुसऱ्या दिवशी सीटकव्हर. मग मॅट. मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर रबराची मॅट. डॅशबोर्डवर गणपती, आरशाला माळ, पाठीला मण्यांची गादी, मागच्या काचेपाशी टिश्यूपेपरचा डबा आणि मान हलवणारा कुत्रा. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक सात वर्षं काढलं नव्हतं. "विकताना काढीन," म्हणायचे. विकताना काढलंही. त्या दिवशी त्यांना सीटचा खरा रंग दिसला, तो इतका आवडला की त्यांनी विकायचं रद्द केलं आणि वरून नवीन प्लास्टिक घातलं.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला जर्मनीहून मुलीचा फोन येतो :

"बाबा, गाडीतलं सगळं काढतेय."

"चोरीला गेलं?"

"अहो, मीच काढतेय."

"विकायचीय का?"

"छे! ठेवायचीय. म्हणून तर काढतेय."

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. खातं बंद करायचं असेल तर माणूस सगळं काढून घेतो, एवढं मला ठाऊक होतं. खातं चालू ठेवण्यासाठी शिल्लक शून्यावर आणणारा ग्राहक मात्र मी पाहिला नव्हता.

कन्या मेकॅनिकल इंजिनियर. स्टुटगार्टजवळ एका गावात राहते. त्या पट्ट्यात पुण्याचे इंजिनियर इतके की शनिवारी भारतीय वाणसामानाच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीवरची नापसंती शुद्ध मराठीत ऐकू येते. दिवसभर ऑफिसात ब्रेकवर काम करायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या गाडीच्या ब्रेकवर, असा तिचा दिनक्रम. गाडी १९९१ सालची, लाल, माझदा एमएक्स-५. दोनच सीट, छत कापडाचं, आणि दिवे लावले की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. ही गाडी १९८९ मध्ये जगापुढे आली. तोवर दोन माणसांच्या उघड्या गाड्या म्हणजे इंग्रजांची खासियत आणि त्या चालवणं म्हणजे मेकॅनिकशी सोयरीक. जपान्यांनी तीच मजा दिली, वर रोज सकाळी चालू होण्याची सवय दिली. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे ती कधी विकायला आलीच नाही, त्यामुळे तिच्यावर सीटकव्हर चढायचं राहून गेलं.

गाडी घडवणाऱ्यांच्या डोक्यात एक जपानी कल्पना होती : जिनबा इत्ताई. म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप. कन्येने ती मला समजावून सांगितली आणि म्हणाली, "मग घोडा आणि स्वार यांच्यामध्ये जे काही आहे, त्याला मराठीत काय म्हणतात?"

मी म्हणालो, "खोगीर."

"आणि नको असलेलं?"

"खोगीरभरती."

"तीच काढतेय."

तिचं ध्येय साधंच होतं : स्पोर्ट्‌स कारची रेसची गाडी करायची, पण तिच्यावर नंबरप्लेट राहिली पाहिजे. सोमवारी ऑफिसला, शनिवारी ट्रॅकवर, रविवारी ब्रेड आणायला, सगळीकडे हीच गाडी. ट्रेलरवर घालून नेली तर ती हार. आमच्या भाषेत सांगायचं तर गाडीला संन्यास द्यायचा, पण रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं नाही.

आम्ही दोघं मे महिन्यात गेलो. पहिल्याच संध्याकाळी कन्येने लॅपटॉप उघडून हिशेब दाखवला, आणि त्या वजनाच्या भानगडीत मला पहिल्यांदा आपलंसं काही दिसलं. तीन रकाने : वस्तू, किलो, युरो.

स्टेपनी आणि जॅक : वजा चौदा किलो, खर्च शून्य. गालिचा, आवाज अडवणारे थर, रेडिओ, स्पीकर : वजा तेरा, खर्च शून्य, वेळ तीन शनिवार. कापडी छत त्याच्या सांगाड्यासकट : वजा वीस. "आणि पाऊस आला तर?" असं मी विचारलं. "रेनकोट," कन्या म्हणाली. पॉवर स्टिअरिंग : वजा नऊ. इथपर्यंत सगळं फुकटात होत होतं. गालिचा काढायला पैसे पडत नाहीत, फक्त आपण काय करून बसलो या विचाराने झोप जाते.

मग युरोचा रकाना जागा झाला. दोन्ही सीट काढून पातळ, अखंड, ढोलीसारख्या सीट : वजा सतरा, नऊशे युरो. लिथियमची बॅटरी : वजा सात, साडेतीनशे युरो. सायलेन्सर : वजा आठ, सहाशे. हलकी चाकं : वजा सहा किलो, सातशे वीस युरो.

मी बँकवाला. भागाकार आपोआप होतो. चाकांचा भाव किलोला एकशेवीस युरो, म्हणजे ढोबळ बारा हजार रुपये. वेलदोड्यापेक्षा महाग, केशरापेक्षा स्वस्त. फरक एवढाच, की वेलदोडे आणले तर घरात वेलदोडे येतात. इथे बारा हजार मोजायचे आणि घरी एक किलो काहीही नाही आणायचं.

"पण एवढ्याने होतं काय?" आमच्या हिने विचारलं.

कन्येने कॉलिन चॅपमन या इंग्रज गृहस्थांचं नाव घेतलं. यांनी लोटस कंपनी काढली आणि १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी विकायला आणली, जी पाहून वाटावं की बाकीची गाडी मागून येत असेल. त्यांचा सिद्धान्त असा की इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी फक्त सरळ रस्त्यावर पळते, वजन घटवलं तर ती सगळीकडे पळते. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर टायरांना कमी ओढते, शिवाय टायर आणि ब्रेक दोन्ही कमी झिजतात. चाकाचं वजन तर दुहेरी नडतं, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला ते चाक नाचतं आणि त्याला आवरता आवरता शॉकॲब्झॉर्बरचा जीव जातो.

"म्हणजे वजन कमी केल्याने सगळंच सुधारतं," असं म्हणून हिने जावयांकडे बघितलं. लग्नानंतर जावयांचं वजन नऊ किलोंनी वाढलंय. हिने पुण्याहून नेलेली पुरणपोळी त्यांच्या ताटात होती. ती त्यांनी बिनबोभाट थोडी बाजूला सारली. फुकटातले नऊ किलो त्या तक्त्यात का नव्हते, हे विचारण्याइतका मी जुना सासरा नाही.

सगळ्यात आधी केलेलं काम मात्र तक्त्यात शेवटी होतं, कारण त्याने वजन घटत नाही : ब्रेक. हौशी माणूस आधी सायलेन्सर बदलतो, कारण तो शेजाऱ्यांना ऐकू जातो. शहाणा माणूस आधी ब्रेक ऑइल बदलतो. साध्या डॉट-४ ब्रेक ऑइलने नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत न उकळता टिकायचं असतं. पण ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं होता होता १५५ अंशांवरही हात टेकू शकतं. ट्रॅकवर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले की ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल थेट फरशीला टेकतं आणि गाडी आपल्या मनाप्रमाणे जाते. हे मला लगेच पटलं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमच्या एसटीच्या ड्रायव्हरांनी कुठलाही तक्ता न करता सांगितलेलं आहे.

ही कामं घरी होत नाहीत. जर्मनीत रविवारी ड्रिल चालवलं तर शेजारी आधी खिडकी उघडतो आणि मग फोन उचलतो. त्यासाठी भाड्याची गॅरेजं असतात. तासाप्रमाणे पैसे भरायचे, लिफ्ट घ्यायची, पाने घ्यायचे आणि आपली गाडी आपण खोलायची. शनिवारी मीही गेलो. शेजारच्या लिफ्टखाली एक पासष्टीचे आजोबा स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलत होते. त्यांनी कन्येच्या गाडीत डोकावून पाहिलं. आत नुसता पत्रा. त्यांनी अत्यंत गंभीरपणे, आपल्याकडे मयताला विचारतात तशा आवाजात, काहीतरी विचारलं. कन्येने भाषांतर केलं : "काय झालं होतं?"

इथवरचा भाग हौसेचा. यापुढे सरकार येतं.

जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीचं पासिंग करावं लागतं. त्याला सगळे सरसकट 'ट्यूफ' म्हणतात. ट्यूफ ही खरं तर तपासणारी संस्था, आणि तिची सुरुवात मोटारीने झालेली नाही. १८६५ मध्ये मानहाइम गावात बिअरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कारखानदारांनी वाफेच्या बॉयलरांवर नजर ठेवणारी संस्था काढली. आजचा ट्यूफ हा तिचा वंशज. म्हणजे या लोकांना जन्मापासून एकच शंका : हे फुटेल का? बिअरही वाया जाऊ शकते हे एकदा कळल्यावर जर्मन माणूस कुठलीच गोष्ट नशिबावर सोडत नाही.

बदल करायला बंदी नाही. प्रत्येक बदलाला कागद लागतो. चाकाला कागद, स्प्रिंगला कागद, सीटला कागद, सीट ज्या पट्टीवर बसते त्या पट्टीला वेगळा कागद. कागदाविना काही जोडलं तर गाडीचा रस्त्यावर येण्याचा परवानाच बाद होऊ शकतो. कन्येची फाइल गाडीतल्या गालिच्यापेक्षा जड झाली होती. ती घरी ठेवावी की गाडीत, यावर नवराबायकोत चर्चा चालू होती.

गाडीचा आवाजसुद्धा त्यांच्या आरसी बुकात छापलेला असतो. पन्नास सेंटिमीटरवर, पंचेचाळीस अंशांत मायक्रोफोन धरून मोजलेला. आमच्याकडे बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलीस रोडरोलर फिरवतात. ती पद्धत झटपट आहे आणि बघायला गर्दी जमते, पण त्यात अंश मोजत नाहीत.

त्यात कायद्याचा खोडसाळपणा असा. तीस वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल, तर जर्मनीत तिला 'एच' अक्षराची मानाची नंबरप्लेट मिळते आणि रोडटॅक्स वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट. कन्येची गाडी २०२१ मध्येच तीस वर्षांची झाली. म्हणजे तिने काहीही केलं नसतं, नुसती हाताची घडी घालून बसली असती, तर सरकारने मान दिला असता. तिने साडेचार हजार युरो खर्चून तो मान घालवला. आता तिच्या प्लेटवर '०४–१०' असे आकडे आहेत : एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे पाच महिने गाडीने सार्वजनिक रस्त्यावर चालायचं तर नाहीच, उभंही राहायचं नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो, म्हणून हौशी लोक आपणहून हा चातुर्मास पाळतात, वर एक महिना जास्तीचा.

आणि गाडीत काय राहिलंच पाहिजे? हीटर, कारण समोरच्या काचेवरचं दव गेलं पाहिजे. नंबरप्लेटवरचा दिवा. हँडब्रेक. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, चमकणारं जाकीट. तक्त्यात त्यांच्यापुढे अधिक दोन किलो. आणि हॉर्न! मी त्या देशात सहा आठवडे राहिलो, हॉर्न एकदाही ऐकला नाही. चार माणसांनी सहा आठवडे ज्याला हात लावलेला नाही असं ते एकमेव यंत्र, आणि नेमकं तेच कायद्याने काढता येत नाही.

पासिंगच्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेलो. कुठलं केंद्र ते सोडा, तपासनीस मात्र लक्षात राहिला. उंच, पांढऱ्या मिशा, हातात छोटी बॅटरी. त्याने पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ठोकळ्यांवर चढवलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टायर कुठे घासतोय का, हे बघायला. मग गाडी लिफ्टवर घेऊन लोंबत्या चाकांपाशी स्प्रिंग हलवून पाहिली. चाक हवेत असतानाही ती सैल पडता कामा नये. टायरची खोली मोजली. १.६ मिलिमीटर हवी, आणि कन्येचे टायर असे की त्यांच्यावर नक्षी नावापुरतीच. मग तो पुढच्या बंपरखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"हे काय आहे?"

त्या दिवशी शनिवार होता असं नव्हे, पण पासिंगचा दिवस म्हणून आमच्या हिने लिंबू आणि सात मिरच्या ओवून बंपरखाली बांधल्या होत्या. कन्येचा चेहरा पडला. या वस्तूला कागद नव्हता.

"हे कायमस्वरूपी जोडलेलं आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. दर आठवड्याला बदलतात."

"बदलायला हत्यार लागतं?"

"नाही."

तो क्षणभर विचारात पडला. दीडशे वर्षांची बॉयलरविद्या पणाला लागली असावी.

"मग तो गाडीचा भाग नाही," तो म्हणाला. "सामान आहे."

आणि शिक्का मारला. धर्मशास्त्राचा इतका स्वच्छ निकाल मी आजवर ऐकलेला नाही.

आपल्याकडे असा शिक्का मिळणं अवघड. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षी दुरुस्ती होऊन दंडाची तरतूद झाली : दर बदलास पाच हजार रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलास' हे शब्द वाचून माझी बोटं हलली. कन्येचे बदल अकरा. पंचावन्न हजार. म्हणून आपले हौशी लोक कोइमतूर, चेन्नई किंवा कोल्हापूरच्या ट्रॅकवर धावायची गाडी वेगळी ठेवतात आणि तिला ट्रकवर बसवून नेतात. देव पालखीत जातो, तशी.

पण कायद्याशी लपाछपी खेळण्यात मोठ्या कंपन्याही मागे नाहीत. १९९४ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रस्त्यावरच्या गाड्यांना वेगळे, सोयीचे नियम होते. योखेन डाउअर नावाचा एक जर्मन माणूस पोर्शची ९६२ ही शर्यतीची गाडी रस्त्याला चालेल अशी करून विकत होता. पोर्शने ओळखलं की आपलीच गाडी आता कागदोपत्री सभ्य झालीय. त्यांनी ती रस्त्यावरची म्हणून शर्यतीत उतरवली आणि शर्यत जिंकली. पुढे टोयोटाने आणखी कमाल केली. नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत सामानाला जागा हवी. टोयोटाच्या गाडीत ती नव्हतीच. तेव्हा पेट्रोलची टाकी रिकामी असली तर तिच्यात एक बॅग मावते, असा युक्तिवाद करून त्यांनी १९९८ ला परवानगी मिळवली, असं सांगतात. विमानतळावर आमच्या तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांकडे जावई ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला.

शेवटी न्यूरबुर्गरिंग. आयफेल डोंगरातला हा १९२७ सालचा ट्रॅक. २०.८ किलोमीटर, सत्तरहून जास्त वळणं, तीनशे मीटरची चढउतार. जॅकी स्ट्युअर्टने याला 'हिरवा नरक' म्हटलं. पण ठरावीक दिवशी हा नरक कायद्याच्या दृष्टीने साधा एकेरी टोल रस्ता असतो. फेरीचे पैसे भरा आणि जा. वरंधा घाट एकेरी करून दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावले आणि वर वेगमर्यादा काढून टाकली, तर जे होईल ते. ओव्हरटेक डावीकडूनच करायचा, वेळ मोजायची नाही, आणि कठडा मोडला तर त्याची भरपाई तुम्ही करायची. वीस किलोमीटर दोन्ही बाजूंनी कठडा आहे, म्हणजे मोडायला वाव भरपूर.

"बाबा, बसा," कन्या म्हणाली.

हिने डोळे मिटून हात जोडले. जावई म्हणाले, "बाबा, मी फोटो काढतो," आणि ट्रॅकपासून पुरेसे लांब गेले.

ढोलीसारख्या सीटमध्ये मी शिरलो नाही, मला भरलं. चार पट्टे आवळले. आवाज अडवणारे थर काढल्याचा अर्थ पहिल्या वळणाला कळला. खाली खडे पत्र्यावर ताशासारखे वाजत होते. मी काही विचारलं की कन्या ओरडून काहीतरी सांगायची, मी मान डोलवायचो, आणि माझी मान माझ्या परवानगीशिवायही डोलत होती. मध्येच 'कारुसेल' नावाचं काँक्रीटचं तिरपं वळण येतं. गाडी त्यात घंगाळातल्या लिंबासारखी फिरते. तिथे माझी वरची कवळी आणि मी थोडा वेळ वेगवेगळ्या गतीने गेलो.

एवढ्या वजाबाकीनंतर आम्ही सगळ्यांच्या पुढे असू, असा माझा समज होता. एक स्टेशन वॅगन आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. कन्येला त्याचं काही वाटलं नाही. झाबीने श्मिट्‌झ नावाची इथली बाई होती, चोवीस तासांची शर्यत दोनदा जिंकलेली. तिने टीव्हीच्या कार्यक्रमासाठी मालवाहू फोर्ड ट्रान्झिट व्हॅन या रस्त्यावरून १० मिनिटं ८ सेकंदांत फिरवली होती. थोडक्यात, इथे गाडीपेक्षा माणूस मोजतात.

वेळ मोजायला बंदी असल्याने मी घड्याळ पाहिलं नाही. पण सुरुवातीलाच रामरक्षा सुरू केली होती. आमची फेरी एक पूर्ण रामरक्षा आणि दुसरीचा निम्मा भाग, एवढ्या वेळात झाली. हे कायद्यात बसतं का, ते विचारलं नाही. त्यालाही हत्यार लागत नाही.

परतताना पाऊस आला. बाकीचे दोघं बंद गाडीतून मागून येत होते. आम्ही रेनकोट चढवून, बेडकाचे डोळे वर करून, तीन तास भिजत घरी पोचलो. गाडीच्या पुढची-मागची नंबरप्लेट शाबूत होती.

रात्री कन्येने तक्ता उघडला. एकूण वजाबाकी चौऱ्याण्णव किलो. मग बेरीज : डोक्यावरचा लोखंडी रोल बार अठरा, पट्टे तीन, त्रिकोण वगैरे दोन. निव्वळ घट एकाहत्तर.

"माझं वजन चौऱ्याहत्तर आहे," मी म्हणालो.

कोणी काही बोललं नाही. दोन वर्षांची मेहनत, सगळे शनिवार, सगळे युरो, आणि मी बसल्याबरोबर गाडी मूळच्यापेक्षा तीन किलो जड झाली होती.

कन्येने खाली एक नवी ओळ घातली. वस्तू : बाबा. किलो : अधिक चौऱ्याहत्तर. युरोच्या रकान्यात ती थोडी थांबली आणि माझ्या विमानाच्या तिकिटाचा आकडा लिहिला, सातशे चाळीस. तिकीट तिनेच काढलं होतं.

सवयीने भागाकार झाला. किलोला दहा युरो. अख्ख्या तक्त्यात पैसे देऊन वाढवलेल्या वस्तू मोजक्याच, आणि त्यांत सगळ्यात स्वस्त भाव माझा.

"कागद लागेल याला," जावई म्हणाले.

"नाही," कन्या म्हणाली. "सामान आहे."